सोनोग्राफीत ‘सिस्ट’ आलीय... आता काय करायचं?

आजचा भाग अंडाशयातल्या गाठींवर आहे, म्हणजे ओव्हेरियन सिस्टवर.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि लोणी काळभोरला ओपीडी बघते. थेऊर, कुंजीरवाडी, कदमवाकवस्ती, उरुळी कांचन अशा आसपासच्या गावांतून बायका येतात. बऱ्याच जणी येतात त्या हातात सोनोग्राफीचा कागद घेऊनच. पोटात दुखलं म्हणून, पाळी पुढे गेली म्हणून, नाहीतर मुतखड्यासाठी सोनोग्राफी केलेली असते आणि रिपोर्टात खाली एक ओळ असते: उजव्या ओव्हरीत अमुक मिलिमीटरची सिस्ट. घरात त्या शब्दाचं भाषांतर ‘गाठ’ असं होतं. गाठ म्हटलं की पुढचा शब्द कॅन्सर. आणि शेजारची एखादी काकू सांगतेच, ‘अगं, माझ्या जावेलाही होती, पिशवीच काढून टाकली, मोकळी झाली.’

आज मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, बहुतेक सिस्ट काही न करता जातात, तेव्हा कागद बघून घाबरायचं नाही. दुसरी, काही लक्षणं अशी आहेत की तिथे सकाळ होईपर्यंतसुद्धा थांबायचं नाही. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. निरुपद्रवी गाठीसाठी ऑपरेशन होतं आणि खरं दुखणं अंगावर काढलं जातं.

सिस्ट म्हणजे काय?

गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना एकेक अंडाशय असतं, साधारण बदामाच्या आकाराचं, तीनेक सेंटिमीटर लांब. दर महिन्याला त्यात पाण्याने भरलेला एक छोटा फुगा वाढतो आणि त्या फुग्यात बीज असतं. फुगा दोन-अडीच सेंटिमीटरचा झाला की फुटतो आणि बीज बाहेर पडतं. म्हणजे पाळी येणाऱ्या प्रत्येक बाईच्या ओव्हरीत दर महिन्याला एक ‘पाण्याची गाठ’ तयार होते आणि जाते. हा आजार नाही, ओव्हरीचं ते रोजचं काम आहे.

कधीकधी हा फुगा वेळेवर फुटत नाही, वाढत राहतो. किंवा फुटल्यावर मागे राहिलेल्या भागात पाणी नाहीतर थोडं रक्त साठतं. याला आम्ही फंक्शनल सिस्ट म्हणतो, कामातून झालेली गाठ. ही बहुतेक वेळा दोन-तीन पाळ्यांत आपोआप विरते.

इथे एक प्रश्न हमखास येतो: ‘मॅडम, गोळ्या देऊन विरघळवता येईल का?’ गर्भनिरोधक गोळ्या देऊन बघण्याचे बरेच अभ्यास झाले आहेत. झालेली फंक्शनल सिस्ट गोळीने लवकर जाते असं त्यांत दिसलेलं नाही. गोळी न घेणाऱ्या बायकांचीही तेवढ्याच काळात जाते. गोळीचे इतर उपयोग आहेत, पण ‘गाठ विरघळवायचं औषध’ म्हणून महिनोन्महिने पैसे घालवू नका. काढे, चूर्णं यांचंही तेच. गाठ जाणारच असते, ती गेली की श्रेय काढ्याला मिळतं.

कागद कसा वाचायचा?

रिपोर्ट हातात आला की तीन गोष्टी बघायच्या: वय किती, गाठ केवढी, आणि आत काय आहे.

वय म्हणजे पाळी चालू आहे की गेली आहे. पाळी चालू असलेल्या बाईत सिस्ट सापडणं अगदी नेहमीचं. पाळी जाऊन वर्ष उलटलं असेल तर त्याच गाठीकडे आम्ही जास्त बारकाईने बघतो, कारण तेव्हा ओव्हरीचं महिन्याचं काम थांबलेलं असतं.

आता आकार. ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या कॉलेजची मार्गदर्शक तत्त्वं जगभर वापरतात. पाळी चालू असलेल्या बाईची साधी सिस्ट ५ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर पुन्हा तपासणीचीही सहसा गरज नाही, असं त्यांत म्हटलं आहे. ५ ते ७ सेंटिमीटरची असेल तर वर्षाने सोनोग्राफी करायची. ७ च्या वर असेल तर एमआरआय किंवा ऑपरेशनचा विचार करायचा. रिपोर्ट मिलिमीटरमध्ये असतो हे लक्षात ठेवा. ‘३२’ वाचून एका ताईंना ती ३२ सेंटिमीटरची वाटली होती. ती सव्वातीन सेंटिमीटरसुद्धा नव्हती.

तिसरी गोष्ट, आत काय आहे. ‘सिंपल’ किंवा ‘क्लिअर’ लिहिलं असेल तर आत नुसतं पाणी आहे, भिंत पातळ आहे, म्हणजे चांगलं. ‘कॉम्प्लेक्स’, ‘सेप्टेशन’, ‘सॉलिड’ असे शब्द असतील तर आत पडदे आहेत किंवा घट्ट भाग आहे. याचा अर्थ लगेच कॅन्सर असा होत नाही. पण हा कागद कपाटात ठेवायचा नाही, डॉक्टरला दाखवायचा.

पीसीओडी आणि सिस्ट एक नाही

कॉलेजच्या मुली येतात त्या बहुतेक पीसीओडी घेऊन. नावात ‘सिस्ट’ असल्यामुळे आईला वाटतं की पोरीच्या पोटात दहा-वीस गाठी आहेत. त्या गाठी नसतातच. न वाढलेले छोटे छोटे फुगे असतात ते, काही मिलिमीटरचे. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार एका ओव्हरीत असे २० किंवा जास्त फुगे दिसले तर सोनोग्राफीच्या बाजूने पीसीओएसचा विचार होतो. पण नुसत्या सोनोग्राफीवर निदान करत नाहीत. पाळीची अनियमितता, चेहऱ्यावरचे केस, मुरुमं, रक्तातले हार्मोन असं सगळं बघतात. वयात नुकत्याच आलेल्या मुलींत तर सोनोग्राफीवरून हे ठरवूच नये असं ती तत्त्वं सांगतात, कारण त्या वयात असे फुगे असतातच. पीसीओएस हा हार्मोनचा आणि शरीरातल्या साखरेच्या वापराचा प्रश्न आहे. त्यात कापून काढण्यासारखं काही नसतं. आणि ‘लग्न झालं की बरं होईल’ हा उपचार नाही.

ज्या आपोआप जात नाहीत

काही सिस्ट मात्र विरत नाहीत. त्यातल्या दोन तुम्हाला ऐकून माहीत असतील. एक डर्मॉइड. हिच्यात चरबी, केस, कधी दातसुद्धा सापडतात. ऐकून अंगावर काटा येतो आणि मग करणी, बाधा असल्या गोष्टी सुरू होतात. कारण साधं आहे. ज्या पेशीतून बाळाचे सगळे अवयव तयार होऊ शकतात तीच पेशी ओव्हरीत असते. ती एकटीच वेडीवाकडी वाढली की हे होतं. लग्न न झालेल्या मुलीतही होतं, लहान मुलीतही होतं. मुलीच्या वागण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही.

दुसरी चॉकलेट सिस्ट. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर ओव्हरीत वाढतं, पाळीच्या वेळी तिथेही रक्त येतं, ते बाहेर पडू शकत नाही आणि साठून घट्ट, तपकिरी होतं. या मुलींना पाळीत असह्य दुखतं, संबंधाच्या वेळी दुखतं, कधी शौचाला बसताना दुखतं, आणि दिवस राहायला अडचण येते. ‘पाळीत सगळ्यांनाच दुखतं, सहन करायला शीक’ असं आपण म्हणतो. तसं म्हणू नका. दुखण्यामुळे शाळा-कॉलेज बुडत असेल, कामावर खाडा पडत असेल, तर ते तपासायचं दुखणं आहे.

लक्षणं: रोजची आणि लपलेली

बहुतेक सिस्टना लक्षणच नसतं. असलं तर ओटीपोटात एका बाजूला जडपणा, मंद दुखणं, पाळीचं वेळापत्रक बिघडणं. मोठी गाठ लघवीच्या पिशवीवर दाबते, मग सारखं लघवीला जावं लागतं. मागे दाबते तेव्हा शौचाला त्रास होतो.

पोट वाढणं हेही लक्षण आहे, आणि ते सहज चुकतं. इतिहासातली एक गोष्ट सांगते. १८०९ साली अमेरिकेतल्या केंटकी राज्यात जेन टॉड क्रॉफर्ड नावाच्या बाईचं पोट इतकं वाढलं होतं की तिला जुळी आहेत असं वाटत होतं. एफ्रेम मॅकडॉवेल या डॉक्टरने तपासून सांगितलं की हे गर्भारपण नाही, ओव्हरीची गाठ आहे. भूल देण्याचा शोध तेव्हा लागलेला नव्हता. तशा अवस्थेत त्याने दहा किलोच्या आसपासची गाठ काढली आणि ती बाई पुढे तीस वर्षांहून जास्त जगली. आज आपल्याकडे भूल आहे, दुर्बीण आहे, सोनोग्राफी आहे. तरीही ‘चाळिशीत पोट सुटतंच’ म्हणून गाठ वाढवत ठेवलेल्या बायका मी बघते. हातपाय बारीक होतायत आणि पोट तेवढं वाढतंय, तर ते सुटलेलं पोट समजू नका.

इथे थांबायचं नाही

आता आजचा सगळ्यात महत्त्वाचा भाग. मोबाइल बाजूला ठेवला असेल तर आवाज वाढवा.

ओव्हरी एका देठावर लोंबत असते. गाठीने ती जड झाली, विशेषतः ५ सेंटिमीटरच्या वर गेली, की कधीकधी देठाला पीळ पडतो. ओल्या कपड्याला पिळतो तसा. त्यातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि ओव्हरीला रक्त मिळेनासं होतं. याला टॉर्शन म्हणतात. दुखणं अचानक येतं, एका बाजूला, जोराचं, आणि सोबत मळमळ, उलटी. कधी पीळ थोडा सैल होतो, दुखणं कमी होतं, आणि घरचे म्हणतात, ‘बघ, ओवा खाल्ल्यावर बरं वाटलं.’ काही तासांनी पुन्हा तेच सुरू होतं.

उलटी आहे म्हणून ते पित्त समजलं जातं. उजवीकडे असेल तर अपेंडिक्स. मुलगी बारा-पंधरा वर्षांची असेल तर ‘परीक्षेची भीती’. दुखण्याचं इंजेक्शन घेऊन घरी पाठवणी होते आणि तेवढ्यात ओव्हरी हातची जाऊ शकते. वेळेत पोचलात तर दुर्बिणीतून पीळ सोडवतात आणि ओव्हरी वाचते. काळीनिळी दिसणारी ओव्हरीसुद्धा पीळ सोडवल्यावर पुष्कळदा सावरते, म्हणून तरुण मुलीत ती लगेच काढून टाकत नाहीत.

तेव्हा ही यादी लिहून घ्या:

एक. ओटीपोटात अचानक जोराचं दुखणं, सोबत उलटी.
दोन. दुखण्यासोबत चक्कर, दरदरून घाम, छातीत धडधड, खांदा दुखणं. सिस्ट फुटून पोटात रक्तस्राव होत असू शकतो.
तीन. दुखणं आणि ताप.
चार. पाळी चुकली आहे आणि एका बाजूला दुखतंय. गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. हा जिवावरचा प्रसंग आहे. लघवीची तपासणी लगेच करायची, लाजायचं नाही.

यातलं काहीही असेल तर मध्यरात्रीसुद्धा निघायचं. १०८ ला फोन करा. सोलापूर रस्त्याला ट्रॅफिक लागेल म्हणून सकाळची वाट बघू नका. जिथे सोनोग्राफी, भूलतज्ज्ञ आणि ऑपरेशन थिएटर तिन्ही आहेत अशाच ठिकाणी जा. वाटेत चहा, नारळपाणी काही पाजू नका, ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं हवं. आधी सिस्टचा रिपोर्ट असेल तर तो कागद सोबत घ्या. डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा, ‘हिला ओव्हरीत गाठ आहे.’ त्या एका वाक्याने तपासाची दिशा बदलते.

मुलीचं लग्न व्हायचंय म्हणून सोनोग्राफी टाळणारे आईवडील भेटतात. ऐका, पाणी पिऊन लघवी भरली की पोटावरून सोनोग्राफी होते. आतून तपासायची गरज नसते. लग्न ठरण्यासाठी दुखणं लपवलं आणि ओव्हरी गेली, तर कुणाचं भलं झालं?

पन्नाशीच्या पुढे

पाळी गेलेल्या मावश्यांसाठी वेगळं सांगते. पोट फुगल्यासारखं वाटणं, दोन घासांत पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, सारखी घाईची लघवी. ही लक्षणं नवी असतील आणि महिन्यातले बारा दिवसांहून जास्त राहत असतील, तर गॅसच्या गोळीवर महिने काढू नका. ओव्हरीचा कॅन्सर ‘गप्प’ असतो असं म्हणतात, पण तो पूर्ण गप्प नसतो. त्याची लक्षणं पोटाच्या साध्या तक्रारींसारखी असतात, एवढंच. आई-बहिणीला ओव्हरीचा किंवा स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर ते डॉक्टरांना न विचारता सांगा.

अशा वेळी सीए-१२५ नावाची रक्ततपासणी करतात. ३५ पर्यंत ती नॉर्मल धरतात. पण पाळी चालू असताना, गरोदरपणात, चॉकलेट सिस्टमध्ये, फायब्रॉइडमध्ये, आणि आपल्याकडे विशेष म्हणजे पोटाच्या टीबीतही तो आकडा वाढतो. विशीतल्या मुलीचा सीए-१२५ सत्तर आला म्हणून घरात रडारड नको. उलट आकडा नॉर्मल आला म्हणजे धोका नाही, असंही नाही. तो आकडा सोनोग्राफी आणि वय यांच्यासोबतच वाचायचा.

पिशवी काढायची कशाला?

आता त्या शेजारच्या काकूंच्या सल्ल्याकडे येऊ. गाठ आहे ओव्हरीत आणि काढायचं गर्भाशय? नळ गळतोय म्हणून आपण टाकी पाडत नाही. साध्या सिस्टचं ऑपरेशन लागलंच, तर पाळी चालू असलेल्या बाईत नुसती गाठ सोलून काढतात आणि ओव्हरी ठेवतात. बहुतेक वेळा दुर्बिणीतून होतं. ओव्हरी ही मुलं होऊन गेल्यावर निकामी झालेली वस्तू नाही. तिच्या हार्मोनवर हाडं, हृदय, झोप सगळं चालतं. कमी वयात दोन्ही ओव्हरी गेल्या की हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही, हे आपल्या राज्यात घडलंय. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची बातमी २०१९ मध्ये देशभर गाजली. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. म्हणजे साधारण सहातली एक. उचल घेतलेली, पाळीत एक खाडा पडला तरी दंड, फडात ना संडास ना पाणी. अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोटात दुखतंय म्हणून दवाखान्यात गेलं की ‘गाठ आहे, कॅन्सर होईल’ ही भीती. तिशी-पस्तिशीतल्या बायकांनी पिशव्या काढल्या आणि नंतर कंबरदुखी, अशक्तपणा घेऊन पुन्हा कोयता हातात घेतला. ज्या त्रासासाठी त्या गेल्या होत्या त्यातला पुष्कळसा जंतुसंसर्गाचा होता आणि औषधांनी बरा होणारा होता.

बीड लांब आहे असं समजू नका. थेऊरचा यशवंत कारखाना चालू होता तेव्हा त्या टोळ्या आपल्या शिवारात उतरायच्या. आजही दौंड, शिरूर, इंदापूरकडे त्या येतात. पुढे बीडमध्ये खासगी दवाखान्यांना अशा ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला सांगितलं. कायदा त्याचं काम करेल. पण टेबलावर झोपायच्या आधीचा प्रश्न तुम्हालाच विचारावा लागेल.

डॉक्टरांना काय विचारायचं?

हे पाच प्रश्न कागदावर लिहून न्या. माझी गाठ साधी आहे की आत घट्ट भाग आहे? तीन महिने थांबून पुन्हा सोनोग्राफी केली तर चालेल का, नसेल तर का नाही? ऑपरेशनमध्ये नक्की काय काढणार: गाठ, ओव्हरी की गर्भाशय? ओव्हरी वाचवता येईल का? आणि मला दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचंय, माझे कागद देता का?

शेवटच्या प्रश्नाला चांगला डॉक्टर रागावत नाही. रागावला, तर तेही एक उत्तरच आहे. टॉर्शनसारखा तातडीचा प्रसंग सोडला, तर सिस्टच्या ऑपरेशनसाठी आठवडाभर विचार करायला जवळपास नेहमीच वेळ असतो. पैशांची अडचण असेल तर ससून आहे, आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का ते त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

पुन्हा सोनोग्राफी करायची तर पाळी संपल्यावर लगेचच्या दिवसांत करा, तेव्हा नवा फुगा वाढलेला नसतो आणि चित्र स्वच्छ दिसतं. जुना रिपोर्ट सोबत न्या. गाठ तीच आहे की नवी, वाढली की कमी झाली, हे दोन कागद शेजारी ठेवल्यावरच कळतं.

हा भाग घरातल्या मुलींना ऐकवा, आणि घरातल्या पुरुषांनाही. रात्री दोन वाजता गाडी बहुधा त्यांनाच काढावी लागणार आहे, तेव्हा ‘उलटी आणि एका बाजूचं दुखणं’ हे त्यांनाही पाठ असलेलं बरं. तुमचे प्रश्न पाठवा, पुढच्या भागात घेऊ. काळजी घ्या. नमस्कार.